पाठमोरी

पहिल्याच पानावर माझं डोकं फिरलं. भाचीने तीन वर्षं खपून लिहिलेली कादंबरी, चारशे पानांचा गठ्ठा, आणि पहिल्याच ओळीत दोर वळणारी बाई कमरेला वाख गुंडाळून ताठ मानेने पुढे चाललेली. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "लेखिकाबाई, जरा बाहेर या."

राग का आला ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी उगाच खेकसते. मी दोर वळते. होड्यांना, नाटकाच्या पडद्यांना, व्यायामशाळांना लागतात ते जाड दोर. आमची शेड लांबच लांब आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकशे ऐंशी पावलं. एका टोकाला चाक. चाकाच्या आकड्याला वाखाचे तंतू अडकवायचे, एकाने चाक फिरवत बसायचं, आणि वळणाऱ्याने चाकाकडे तोंड करून मागे मागे जायचं. जाता जाता कमरेच्या जुड्यातून बोटांनी वाख सोडत राहायचं. पाऊल लहानमोठं पडलं की दोर कुठे जाड होतो, कुठे बारीक. म्हणून पावलं सारखी पडायला हवीत. आणि मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की हात सैल पडतो. पुढे चालून दोर वळता येत नाही. पुढे चालून फक्त बाजारात जाता येतं.

हे कुणा परक्या बाईने लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ बोटीवर नोकरीला, वहिनी लवकर गेली, म्हणून पोर माझ्याकडेच वाढली. चाक फिरवायला हात पुरेना तेव्हा पाटावर उभी राहून फिरवायची. तिला ठाऊक नाही म्हणावं तर कसं म्हणावं?

ती चहाचे दोन कप घेऊन आली. मी पानावर बोट ठेवलं.

"ही बाई कुठे निघालीये?"

तिने वाचलं आणि कप हळूच खाली ठेवले. "आत्या, ते मी मुद्दाम तसं लिहिलंय."

"मुद्दाम चूक?"

"वाचकाला पहिल्याच ओळीत ती विचित्र वाटू नये म्हणून. लोकांनी तिला पाठमोरं चालण्यावरूनच तर चेटकीण ठरवलं."

ती म्हणजे आमच्या घराण्यातली साडेतीनशे वर्षांपूर्वीची बाई. तिच्यावर खटला झाला, ती कोठडीत गेली आणि एका सकाळी कोठडी रिकामी सापडली. पुढे तिचं काय झालं ते कागदात नाही. तिचं नावही कागदात नाही, नुसतं 'दोरवाली' लिहिलंय. गावाने ठेवलेलं नाव मात्र टिकलं, आमच्या बायका जिथे गेल्या तिथे मागोमाग आलं. पाठमोरी. ते आम्हाला सगळ्यांना पुरलं. मी शाळेत पाठमोरी, माझी आजी तिच्या शाळेत पाठमोरी, आणि ही लेखिकाबाईसुद्धा.

भाचीचं पुस्तक तिच्यावर होतं. परवा सकाळी ते छापायला जायचं होतं. त्याआधी मी वाचावं म्हणून ती दोन दिवस राहायला आली होती. "तू हो म्हणालीस की झालं," असं फोनवर म्हणाली होती. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

"साक्षी काय काय झाल्या ते दाखव मला," मी म्हटलं. "तू लिहिलेल्या नको, मूळच्या."

तिच्याकडे निळी वही होती. जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात जाऊन, तो बारीक अक्षराचा खटला तिने ओळन् ओळ उतरवून घेतला होता. डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला पोरीने त्यापायी. तिने वही उघडून वाचायला सुरुवात केली.

पाववाल्याने साक्ष दिली होती की ही बाई पाठीने चालत येते आणि कशालाच धडकत नाही, तेव्हा हिच्या पाठीला डोळे असले पाहिजेत. न्यायाधीशाने तिला विचारलं, "पाठीला डोळे आहेत का?" ती म्हणाली, "पाठीला नाहीत, पायाला आहेत. तुमच्याही असतील, पण तुम्ही वापरत नाही."

मी खुर्चीत सरळ बसले. समोर अख्खं गाव, पुढ्यात मरण, आणि ही बाई न्यायाधीशाला त्याचेच पाय दाखवतेय. काय म्हणावं हिला.

"हे पुस्तकात कुठे आहे?"

"गाळलं."

"हे गाळलंस? बये, या एका वाक्यासाठी मी चारशे पानं वाचली असती."

ती वहीच्या कडेला नख लावत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "तूच शिकवलंस ना, आत्या. शेडच्या बाहेर पाठमोरं चालायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. मी सात वर्षांची होते. शाळेतून येताना गंमत म्हणून फाटकापर्यंत उलटी चालत आले, तर तू सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारलीस."

हो, मारली होती. फाटकासमोरचा शिंपी दुकानाच्या पायरीवर बसला होता, त्याने पाहिलं होतं. मला आजीने हाच नियम घातला होता, तिला तिच्या आईने. बाहेर पाठमोरं चालायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. मी विचारलं नाही. मी समजले की लाज आहे, आणि ती लाज जशीच्या तशी पोरीच्या गालावर उमटवली. आणि आता तिने पुस्तकातून ती गोष्ट काढून टाकली तर मी तिच्यावर डाफरतेय.

"चहा निवला," एवढंच मी म्हटलं.

मग मी गुपचूप वाचायला बसले. दुपार कलली तरी उठले नाही. पोरीने लिहिलंय मात्र असं की काय सांगू. शेडमधला वाखाचा वास, बोटांना पडणाऱ्या चिरा, चाकाचं कुरकुरणं, सगळं माझ्या घरातलं उचलून साडेतीनशे वर्षं मागे नेऊन ठेवलेलं. त्या बाईची नऊ वर्षांची मुलगी, जिला साक्षीला उभं केलं आणि जिने तोंडातून चकार शब्द काढला नाही, तिच्या पानावर तर माझे डोळे भरून आले. एवढी मोठी कधी झाली ही, असं वाटत राहिलं.

आणि मग शेवट. शेवटी बाई मरते. पहारेकरी तिला गुपचूप मारतात, प्रेत नदीत टाकतात आणि सैतानाने नेली अशी आवई उठवतात. मुलगी नदीकाठी बसून राहते. संपलं.

मी शेवटचं पान उपडं ठेवलं. परवा हे छापून येणार, हजार घरांत जाणार, आणि मग ती बाई अशीच मेली हे कायमचं होणार. कोण जाणार आहे पुन्हा ती निळी वही उघडायला?

"ती मेली हे कागदात आहे?" मी विचारलं.

"नाही. पण दुसरं काय होणार, आत्या? असंच व्हायचं अशा बायकांचं."

"कागदात काय आहे?"

तिने कंटाळून वही पुन्हा उघडली. खटल्याच्या कारकुनाने लिहिलेली शेवटची नोंद. हा कारकून मोठा नेटका माणूस असावा. कोठडीच्या दारापासून फाटकापर्यंतचं अंगण साठ पावलांचं. सैतान तिला भेटायला आला तर कळावं म्हणून रोज संध्याकाळी तिथे चाळलेली राख पसरत. राख पसरली म्हणून पहारेकरी निर्धास्त, फाटक नुसतं लोटून बाहेर झोपलेला. सकाळी राखेत एकाच माणसाची पावलं, फाटकाकडून दाराकडे येणारी. परत जाणारं एकही पाऊल नाही. दाराचा बाहेरचा अडसर काढलेला. कारकुनाने पावलं मोजली, मापली. चवडे खोल, टाचा हलक्या. दोन पावलांतलं अंतर साठही वेळा तेवढंच, आणि ओळ अशी सरळ की, त्याच्याच शब्दांत, 'असे कोणी मनुष्य चालत नाही'. आत काय शिरलंय या भीतीने दुपारपर्यंत कोणी कोठडीत पाऊल टाकलं नाही. न्यायाधीश आले तेव्हा आत गेले, तर कोठडी रिकामी.

मी हसायला लागले. हसता हसता मला खोकला आला, भाचीने पाणी आणून दिलं.

"अगं, ती पाठमोरी निघून गेली."

"ते माझ्याही डोक्यात आलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "अंगणात करूनही पाहिलं मी. आठ-दहा पावलांत वाकडं जायला होतं. शेडमध्ये हातात दोर असतो, समोर चाक असतं, म्हणून सरळ जाता येतं. मोकळ्या हाताने, अंधारात, साठ पावलं, तीही मोजल्यासारखी? कोण चालेल?"

"कोण चालेल म्हणजे? मी चालेन."

दोरांना लावायचं डांबर गरम करायच्या चुलीत हवी तेवढी राख होती. मी बादली भरली आणि फळीवरची चाळणी घेतली.

"आत्या, ती पिठाची चाळणी आहे."

"मग धुऊ नंतर. आधी अंगण झाड."

आमच्या अंगणात शेडच्या दारापासून फाटकापर्यंत चाळीस पावलं भरतात. दोघींनी मिळून ते राखेने पांढरं केलं. मी चपला काढल्या, दाराकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि निघाले. आयुष्यभर हेच केलेलं, त्यात काय मोठंसं. पहिली दहा पावलं झकास पडली. मग कुठे आहे ते कळेना. हात रिकामे, त्यांचं काय करावं समजेना. पाऊल उगाच लांब पडलं, पुढचं आखूड, आणि शेवटी माझी पाठ फाटकाऐवजी भिंतीवर जाऊन आपटली.

राखेत माझी पावलं बघवत नव्हती. एखादा पिऊन आलेला माणूस बरा चालला असता.

भाची हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या खांद्यावरची राख झटकली. "राहू दे, आत्या. मलाही ती सुटलेलीच हवी होती. पण हवं म्हणून लिहायचं नाही ना." आणि आत जाऊन ती पानं गोळा करायला लागली.

मी पायरीवर बसले. गुडघा ठणकत होता आणि त्याहून जास्त अभिमान दुखावला होता. मघाशी वहीत ऐकलेलं पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. दाराचा अडसर बाहेरून. मग तो काढला कुणी? आणि कसा?

"ए पोरी," मी बसल्या जागेवरून हाक मारली. "त्या कारकुनाने कोठडीत काय काय सापडलं ते लिहिलंय का? त्याच्यासारखा माणूस लिहिल्याशिवाय राहणार नाही."

"लिहिलंय. कामाचं काही नाही त्यात."

"वाच."

ती वही घेऊन दारात आली. "एक मातीचा वाडगा. एक घोंगडी. गवताची गादी, तिच्यातलं गवत अर्ध्याहून कमी झालेलं. दाराला जेवण सरकवायची फट, ती उघडी. दाराच्या कडीला गवताची करंगळीएवढी दोरी बांधलेली, ती फाटकापर्यंत राखेवर सरळ पडलेली. सैतानाचं शेपूट समजून..." ती थांबली.

"समजून काय?"

"समजून जाळून टाकली."

ती माझ्याशेजारी पायरीवर मटकन बसली.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं ही ओळ माझ्या वहीत आहे. मला वाटलं, भेदरलेल्या कारकुनाची बडबड."

कागदाप्रमाणे अकरा दिवस होती ती कोठडीत. अकरा दिवस अंधारात गादीतलं गवत उपसून वळत बसली असणार, बोटांनी, चाकाशिवाय. आधी फास करून फटीतून बाहेर टाकला, अडसर उचलला. मग राहिलेली दोरी दाराच्या कडीला बांधली, दाराकडे तोंड केलं आणि दोरी ताणत, हातातून सोडत मागे निघाली. हातात दोर आला म्हणजे तिच्यासाठी ती शेडच झाली. तिला धरायला पसरलेली राख होती ना, तिच्यावर तिने त्यांना वाचायला खोटं लिहून ठेवलं, आणि ती सगळी माणसं ते वाचत दुपारपर्यंत दारात उभी राहिली. मी चाळीस वर्षं दोर वळते, पण एवढं डोकं माझ्या सात पिढ्यांत कुणाला नाही. हिला होतं.

आम्ही राख पुन्हा सारखी केली. भाचीने शेडमधून बारीक दोरीचं वेटोळं आणलं आणि एक टोक दाराच्या कडीला बांधलं. मी डोळे मिटून निघाले. दोरी ताणली गेली आणि माझे हात शहाणे झाले. पावलं आपोआप पडत गेली. फाटकाचं लाकूड पाठीला लागलं तेव्हा मी डोळे उघडले.

भाची उकिडवी बसून पट्टीने मापत होती. पहिलं पाऊल, दहावं, तिसावं.

"चवडे खोल," ती म्हणाली. "टाचा हलक्या. आत्या, सगळी सारखी आहेत."

"असायलाच हवीत. नाहीतर गिऱ्हाईक दोर परत आणून देतं."

ती हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मी तिला रडू दिलं. मलाही एक प्रश्न राहिला होता. "आणि तिच्या मुलीचं काय झालं? कागदात?"

"त्याच सकाळी घर रिकामं. मुलगी नव्हती. शेडमधलं चाकही नव्हतं. मी लिहिलंय की शेजाऱ्यांनी चोरलं."

"शेजारी भांडीकुंडी चोरतील. दोर वळायचं चाक कोण चोरेल? ते वळणाऱ्याशिवाय कुणाच्या कामाचं नाही." माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "मरायला निघालेली बाई चाक बरोबर नेत नाही, पोरी. दुसऱ्या दिवशी काम करायचं असेल तीच नेते."

आमच्या शेडमधलं चाक ते नव्हे, ते कधीच मोडून सरपणात गेलं असेल. पण त्या सकाळी ते कुणाच्यातरी पाठीवर होतं आणि शेजारून नऊ वर्षांची मुलगी चालत होती. पुढे तोंड करून चालत होती, हे मी पैजेवर सांगते. कारण आईने तिला बजावलं असणार. शेडच्या बाहेर पाठमोरं चालायचं नाही. कुणी पाहिलं तर राखेतली पावलं कुणाची होती ते कळेल. का ते विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. त्या मुलीने ते आपल्या मुलीला सांगितलं, तिने तिच्या. पुढे खटला विसरला, भीती विसरली, नियम तेवढा राहिला. ती लाज नव्हती. तो तिचा पहारा होता, आमच्यावर ठेवलेला. आणि मी त्याच्यापायी पोरीच्या कानाखाली मारली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तेव्हा मारलं ते. फार चुकलं."

भाचीने मान हलवली. "तुला तरी कुठे ठाऊक होतं."

"मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही."

ती मग उठली, आतून पहिलं पान आणि पेन घेऊन आली, पायरीवरच बसून पहिली ओळ खोडली आणि नवीन लिहिली. मला वाचून दाखवली. 'ती पाठमोरी चालत होती, आणि तिला पक्कं ठाऊक होतं आपण कुठे चाललोय.' मी म्हटलं, आता छाप. शेवटचं प्रकरण नव्याने लिहायला तिच्याकडे दीड दिवस होता. लिहील ती, तिचा हात भरभर चालतो.

पण लगेच आत गेली नाही. तिने चपला काढल्या, कडीची दोरी सोडली, माझ्याकडे तोंड केलं आणि दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर," म्हणाली. आणि मागे निघाली. फाटकातून बाहेर, रस्त्यावर. मी टोक धरून फाटकात उभी राहिले. किती वर्षांत वळली नव्हती, पण पावलं मोजल्यासारखी पडत होती. औषधाच्या दुकानावरून गेली, सायकलवाल्याच्या समोरून गेली. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि मधली दोरी ताठ.

शिंपी अजून त्याच पायरीवर बसतो. म्हातारा झालाय, पण डोळे शाबूत आहेत. त्याने हातातलं कापड खाली ठेवलं. "काय हो," त्याने मला विचारलं, "मुलीला काय झालं? अशी का चालतेय?"

मी दोरी आणखी घट्ट धरली.

"काही झालं नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात असंच चालतात."